आयरिश घराण्याचा माग: जहाज सगळ्यात शेवटी शोधा

जुना_दप्तरी · सोम, २१:०५

आयरिश कुटुंब अमेरिकेला कधी आलं, कुठून आलं हे शोधायला बसलेला जवळजवळ प्रत्येक माणूस पहिल्याच दिवशी प्रवासी यादी उघडतो. शोधखिडकीत नाव टाकायचं, समोर आलेल्या दोनशे मेरी सलिव्हनमधून वयाला जमेल ती उचलायची आणि पुढचा सगळा वंशवृक्ष तिच्या डोक्यावर उभा करायचा. माझं म्हणणं, ही पद्धतच उलटी आहे. जहाज सगळ्यात शेवटी.

१८९३ आधीच्या अमेरिकी यादीत असतं काय? नाव, वय, स्त्री की पुरुष, धंदा, देश. धंद्याच्या रकान्यात 'लेबरर' किंवा 'स्पिन्स्टर' (अविवाहित बाई), देशाच्या रकान्यात 'आयर्लंड' आणि त्याखाली पानभर 'सदर, सदर, सदर'. १८९३ पासून कोणाकडे जाणार, तिकिटाचे पैसे कोणी भरले हे विचारू लागले. जन्मगाव आणि मागे राहिलेल्या जवळच्या नातलगाचं नाव १९०६-०७ पासून आलं. १८४० च्या दशकातल्या आयरिश दुष्काळाचा मोठा लोंढा त्याच्या साठ वर्षं आधी येऊन गेला होता.

आपल्याला हवं असतं गाव, आणि गाव म्हणजे काउंटी नव्हे. टिपररी म्हणजे आपला अख्खा जिल्हा. हवी ती टाउनलँड, आपल्या वाडीएवढी जागा. अशा साठ हजारांहून जास्त टाउनलँड आयर्लंडात आहेत. त्यांच्या वर सिव्हिल पॅरिश, त्यावर बॅरनी, मग काउंटी. शिवाय कॅथलिक पॅरिश, म्हणजे चर्चचा इलाखा, निराळा, त्याची हद्द सिव्हिल पॅरिशशी जुळेलच असं नाही. आयर्लंडचे जुने कागद मुळात जागेवार लावलेले आहेत. जागा ठाऊक नसेल तर पॅट्रिक मर्फी हे नाव हाती असून नसल्यासारखं.

म्हणून सुरुवात करायची ती तो माणूस जिथे मेला तिथून. मृत्युदाखला, कबरीचा दगड, वर्तमानपत्रातली निधनवार्ता, चर्चमधली लग्ननोंद, नागरिकत्वाचे कागद. यातल्या कुठल्यातरी एकावर गाव सापडतं. २७ सप्टेंबर १९०६ नंतर नागरिकत्व घेतलं असेल तर जन्मस्थळ, तारीख, जहाजाचं नाव सगळं छापील नमुन्यात मिळतं. त्याआधी कुठलंही कोर्ट नागरिकत्व देई आणि कागदावर बहुधा एवढंच, की अमुक माणूस ब्रिटनच्या राणीची निष्ठा सोडतो आहे.

ज्यांनी हे काम केलंय त्यांनी लिहा. मतभेद असतील तर आधी ते लिहा.

चहाटळ · सोम, २१:११

रुमाल टाकून ठेवतो. बाकी सगळ्यांचे आजोबा पॅट्रिक आणि आज्ज्या मेरी असतील तर वंशवृक्ष कशाला, रबरी शिक्का करून घ्या.

दर्यावर्दी · सोम, २२:३०

दप्तरीबुवा, अमेरिकेपुरतं मान्य. ऑस्ट्रेलियाला हा नियम लावलात तर हातची खाण घालवाल.

न्यू साउथ वेल्समध्ये सरकारी खर्चाने आलेल्या लोकांच्या दोन याद्या असतात. एक एजंटची, दुसरी इमिग्रेशन बोर्डाची. बोर्डाच्या यादीत मूळ गाव, आईबापांची नावं, ते हयात आहेत का आणि कुठे राहतात, धर्म, लिहिता-वाचता येतं का, वसाहतीत आधीच आलेले नातलग कोण आणि कुठे, हे सगळं येतं. प्रवासात कोणाबद्दल तक्रार आहे का, यालासुद्धा रकाना आहे! म्हणजे तिथे जहाज हाच पहिला कागद. मात्र दोन्ही याद्या बघायच्या. एकीवर नुसती 'क्लेअर' ही काउंटी असते आणि दुसरीवर पॅरिशचं नाव निघतं. १८५३ नंतरची इमिग्रेशन डिपॉझिटची वहीही सोडू नका. आधी आलेल्या भावाने बहिणीसाठी पैसे भरले की दोघांची नावं एकाच ओळीत येतात.

मृत्युदाखलेही तिकडचेच खरे. व्हिक्टोरियात १८५३ पासून, न्यू साउथ वेल्समध्ये १८५६ पासून. आईबाप, जन्मस्थळ, वसाहतीत किती वर्षं, लग्न कुठे, कितव्या वर्षी, कोणाशी, मुलं कोणती. आयर्लंडचा मृत्युदाखला यापुढे अगदीच भिकारी, त्यावर आईबापांची नावंसुद्धा नसतात.

जुना_दप्तरी · सोम, २२:४८

दर्यावर्दी, मान्य. शीर्षकात 'अमेरिकेसाठी' असं वाचावे. एक पुरवणी: दाखल्यावरची माहिती मेलेला माणूस देत नाही, जावई देतो. जावयाला सासूच्या आईचं माहेरचं नाव किती ठाऊक असणार? खाली माहिती देणाऱ्याचं नाव असतं, ते आधी बघायचं आणि मग किती विश्वास ठेवायचा ते ठरवायचं.

नवखी_१ · मंगळ, ०८:१५

पण आयर्लंडमधले सगळे कागद आगीत जळाले ना? मग एवढं गाव शोधून करायचं काय?

टिपणवही · मंगळ, ०९:४०

हे 'सगळं जळालं' एकदा कायमचं मिटवूया.

३० जून १९२२ ला डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं पब्लिक रेकॉर्ड ऑफिस उडालं. त्यात १८२१, ३१, ४१, ५१ च्या जनगणना जवळजवळ सगळ्या गेल्या, मृत्युपत्रं गेली आणि चर्च ऑफ आयर्लंडची निम्म्याहून अधिक रजिस्टरं गेली. १८६१ ते १८९१ च्या चार जनगणनांचा या आगीशी काहीच संबंध नाही. त्या सरकारने स्वतःच नष्ट केल्या, शेवटच्या दोन तर पहिल्या महायुद्धात लगदा करून.

आणि उरलं काय? कॅथलिक रजिस्टरं तेव्हा त्या त्या चर्चमध्येच होती, म्हणून वाचली. नॅशनल लायब्ररीने २०१५ साली साधारण १८८० पर्यंतची पानं फुकट खुली केली. जन्म-मृत्यू-विवाहाच्या सरकारी नोंदी १८६४ पासून आहेत, कॅथलिक सोडून इतरांची लग्नं १८४५ पासून. जन्माला शंभर, लग्नाला पंच्याहत्तर, मृत्यूला पन्नास वर्षं उलटली की मूळ पानाची प्रतिमा आयरिशजिनीऑलॉजी डॉट आयई वर फुकट. १९०१ आणि १९११ च्या जनगणना पूर्ण आहेत, त्याही फुकट.

जळालेल्या जनगणनेचेही तुकडे भलत्या ठिकाणी सापडतात. सत्तरीनंतरचं पेन्शन जानेवारी १९०९ मध्ये सुरू झालं तेव्हा म्हाताऱ्यांकडे जन्मदाखला नव्हता, कारण नोंदणीच १८६४ ची. मग ते अर्ज करत: माझे आईबाप अमुक, टाउनलँड तमुक, १८४१ किंवा १८५१ च्या जनगणनेत माझं वय बघा. कारकून शोधून ते कुटुंब अर्जावर उतरवी. मूळ वही जळाली, अर्ज राहिले. ते राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर आहेत. तुमचा माणूस बोस्टनला असला तरी त्याचा मागे राहिलेला भाऊ १९०९ मध्ये सत्तरीचा असू शकतो.

चहाटळ · मंगळ, ०९:५२

म्हणजे पेन्शनच्या अर्जाने इतिहास वाचवला. आपल्याकडचे हयातीचे दाखले जपून ठेवा रे.

बाराखडी · मंगळ, १०:२०

त्या पेन्शनचा दुसरा परिणामही ध्यानात ठेवा. १९०१ मध्ये ५५ वर्षांचा असलेला माणूस १९११ मध्ये ७१ चा होतो. तो खोटंच बोलतो असं नाही, नक्की वय कोणालाच ठाऊक नसे. पण पेन्शनने वयं भराभर वाढली एवढं खरं. वयावरून जन्मसाल काढताना दोन्ही बाजूंना पाच वर्षं सोडा, १९११ वरून काढताना दहा.

जन्मतारखेचंही तसंच. नोंद उशिरा केली की दंड, म्हणून बाप तारीखच पुढे ढकली. त्यामुळे जन्म १२ मार्चचा आणि बाप्तिस्मा ४ मार्चचा असं दिसतं. ही दोन माणसं नव्हेत! अशा वेळी बाप्तिस्म्याची तारीख खरी धरायची.

गावकामगार · मंगळ, १३:०५

ग्रिफिथचं कोणी नाव काढलं नाही अजून. १८४७ ते १८६४ या काळात करआकारणीसाठी घरोघर झालेली मोजणी, म्हणजे ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन. ती वाचताना सातबारा डोळ्यांपुढे आणा. नकाशावरचा क्रमांक, कब्जेदार, त्याला जमीन खंडाने देणारा, वर्णन (घर, आवार, जमीन), क्षेत्र आणि आकारणी. क्षेत्र एकर-रूड-पर्चमध्ये. चार रूडचा एकर, चाळीस पर्चचा रूड. म्हणजे एक रूड आपले दहा गुंठे आणि चार पर्चचा एक गुंठा. बारा एकर दोन रूड म्हटलं की साडेबारा एकर.

क्रमांकापुढची अक्षरं महत्त्वाची. मोठं ए, बी आलं तर त्याच कुळाचे निरनिराळे तुकडे. लहान अक्षरं आली तर एका सामायिक जमिनीवरची वेगवेगळी घरं, आणि ती बहुधा भाऊबंदांची. एकाच वाडीत दोन पॅट्रिक रायन असले तर पुढे बापाचं नाव लावतात, पॅट्रिक रायन (मायकेल). आपण मधलं नाव लावतो तसंच. रायन फार झाले की टोपणनावही चढतं.

पण ग्रिफिथ एका दिवसाचं चित्र आहे. लोक तिथेच थांबतात आणि फेरफार बघत नाहीत. ग्रिफिथनंतर दर थोड्या वर्षांनी तपासणी होई, जुनं नाव खोडून नवं लिहीत आणि दर सालाची शाई निराळ्या रंगाची. समासात साल. 'कॅन्सल्ड बुक्स' म्हणतात त्यांना. बापाचं नाव १८७९ च्या रंगात खोडलंय आणि वर विधवेचं आलंय, तर बाप १८७९ च्या थोडा आधी गेला. घर 'पडीक' झालं आणि नाव कोणाचंच आलं नाही, तर कुटुंब निघून गेलं, आणि मग त्या एक-दोन वर्षांतली जहाजं बघायला अर्थ आहे. दप्तरींचा मुद्दा इथे सिद्ध होतो. उत्तरेकडच्या सहा काउंट्यांच्या या वह्या १८६४ ते १९३३, बेलफास्टच्या सरकारी अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. बाकीच्या डब्लिनच्या व्हॅल्युएशन खात्याच्या; ते खातं २०२३ मध्ये टॅल्टे एरन या सरकारी संस्थेत विलीन झालं.

नवखी_१ · मंगळ, १३:३०

सातबाऱ्यामुळे एका क्षणात समजलं. वाचनखूण साठवली. पण सामायिक सातबारा म्हटलं की पोटात गोळा येतो.

कोकणी_कोंबडा · मंगळ, १८:१०

आडनावांचं काय? न्यूयॉर्कच्या एलिस आयलंड या तपासणी-बेटावर साहेब लोकांनी ओ'सलिव्हनचं सलिव्हन करून टाकलं म्हणतात. मग शोधायचं कोणत्या नावाने?

बाराखडी · मंगळ, १८:४५

कोंबडाशेठ, हे साहेबांनी बदललेलं नाव म्हणजे घराघरातली दंतकथा आहे. यादी एलिस आयलंडवर लिहिलीच जात नव्हती. निघायच्या बंदरात जहाज कंपनीचा कारकून ती भरे, इकडचा निरीक्षक तीच हातात धरून प्रश्न विचारी. आयरिश माणूस इंग्रजी बोलणारा, निरीक्षकही पुष्कळदा आयरिशच. 'ओ' आणि 'मॅक' तर आयर्लंडातच शतकभर आधी गळले होते आणि आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनाच्या गेलिक चळवळीत पुन्हा चिकटले. त्यामुळे एकाच घरात १९०१ मध्ये रायली आणि १९११ मध्ये ओ'रायली दिसतं. शोधताना दोन्ही टाका. काही आडनावांचं चक्क भाषांतर झालंय: मॅकगवनचा स्मिथ झाला, कारण गवन म्हणजे लोहार.

खरा गोंधळ पहिल्या नावांचा. ब्रिजेट अमेरिकेत गेली की डिलिया होते, नाहीतर बेडिलिया, बिडी, बर्था. होनोरा म्हणजे नोरा, हॅनोरा, ऑनी. जोहानाही हॅना आणि होनोराही हॅना. जेरेमाया हा मूळचा डिअर्मिड, थेडीचा टिमथी, ब्रायनचा बर्नार्ड, कॉर्नेलियस मूळचा कॉनर. कॉर्क-केरीकडची गॉबनेट कागदावर अॅबिगेल किंवा डेबरा होते, आणि ती बाई ज्यू होती की काय असा शोध लोक लावत बसतात.

चर्चमधली नोंद लॅटिनमध्ये असली तर याकोबुस म्हणजे जेम्स, गुलिएल्मुस म्हणजे विल्यम, योहानेस म्हणजे जॉन, ब्रिगिदा कळेलच. बाप्तिस्म्याच्या ओळीत बाळ, बाप, आई माहेरच्या आडनावासह, आणि शेवटी दोन धर्मपालक. ही शेवटची दोन नावं लोक उतरवून घेत नाहीत. ती बहुधा मामा-मावशीची किंवा काका-आत्याची असतात, आणि तेच लोक पुढे न्यूयॉर्कच्या जनगणनेत शेजारच्या घरात राहताना दिसतात.

दर्यावर्दी · मंगळ, १९:२०

अवांतर पण उपयोगाचं: लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या, चाळीस दिवसांत लग्नं होत नसत, चातुर्मासासारखंच. त्यामुळे गावातली लग्नं त्याआधीच्या आठवड्यांत कोंबलेली. साल माहीत नसेल तर आधी प्रत्येक वर्षाची फेब्रुवारीची पानं चाळा. मायक्रोफिल्म काळीपांढरी आणि पुसट, सगळं वर्ष वाचत बसलात तर चष्म्याचा नंबर वाढेल.

शंकासुर · मंगळ, २१:००

जहाज शेवटी वगैरे ठीक. पण एकाच नावाची चुकीची बाई पकडली तर फार काय बिघडतं? वयं जुळतात, साल जुळतं.

टिपणवही · मंगळ, २१:४५

शंकासुर, याचं उत्तर म्हणून अॅनी मूर पुरेशी आहे.

एलिस आयलंडवर उतरलेली पहिली प्रवासी. १ जानेवारी १८९२, जहाज नेवाडा, बंदर क्वीन्सटाउन म्हणजे आजचं कोव्ह. बरोबर धाकटे भाऊ अँथनी आणि फिलिप. तिला दहा डॉलरचं सोन्याचं नाणं दिलं, वर्तमानपत्रांत नाव झळकलं. पुढे अनेक वर्षं टेक्ससमध्ये वारलेली एक अॅनी मूर हीच ती असं सगळे धरून चालले. नाव जुळत होतं, वय साधारण जुळत होतं, घरच्यांची तशी समजूतही होती. २००६ मध्ये वंशावळ-संशोधक मेगन स्मोलेन्याक यांनी कागद लावले तेव्हा टेक्ससची अॅनी जन्माने इलिनॉयची निघाली. ती जहाजात कधी बसलीच नव्हती.

खरी अॅनी न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्येच राहिली, जोसेफ शेयरशी लग्न केलं, १९२४ मध्ये वारली आणि क्वीन्समधल्या कॅल्व्हरी स्मशानभूमीत तिला पुरलं. २००८ पर्यंत कबरीवर दगडही नव्हता. मूरसारख्या आडनावात अॅनी शोधून काही होत नव्हतं, माग लागला तो भाऊ फिलिपच्या नागरिकत्वाच्या कागदावरून. आणि त्या दिवशी तिचा पंधरावा वाढदिवस होता असं छापून आलं होतं, पण ती सतरा वर्षांची होती. एवढ्या प्रसिद्ध बाईच्या बाबतीत हे होतं, तर आपल्या मेरी सलिव्हनचं काय!

म्हणून एकट्या माणसाला कधी शोधू नका. भाऊ, बहीण, लग्नातले साक्षीदार, शेजारी हा घोळकाच शोधा. अॅनी, अँथनी, फिलिप हे तीन एकत्र दुसऱ्या कोणाकडे असायची शक्यता जवळपास नाही.

जुना_दप्तरी · मंगळ, २२:१०

बाईंनी नेमकं सांगितलं. जाता जाता: १८९७ च्या जूनमध्ये लाकडी एलिस आयलंड जळून गेलं, त्यावरून 'याद्या गेल्या' असंही ऐकू येतं. १८२० पासूनच्या कस्टम्सच्या याद्या वेगळ्या ठेवल्या होत्या, त्या शाबूत आहेत. १८५५ ते १८९० मधले लोक एलिस आयलंडवर नव्हे, कॅसल गार्डनला उतरले. आणि १८४६ ते ५१ मधल्या न्यूयॉर्कच्या दुष्काळी प्रवाशांची सुमारे सहा लाखांची वेगळी सूची अमेरिकी राष्ट्रीय अभिलेखागारात फुकट आहे.

शंकासुर · मंगळ, २२:३०

मान्य. पण मग नाव ठेवायची आयरिश पद्धत वापरता येईल ना? पहिला मुलगा बापाच्या बापाचं नाव, दुसरा आईच्या बापाचं, पहिली मुलगी आईच्या आईचं, दुसरी बापाच्या आईचं, तिसऱ्यांना आईबापांचं.

गावकामगार · बुध, ०७:५०

वापरा, पण पुरावा म्हणून नको. पहिलं मूल तान्हेपणी गेलं तर तेच नाव पुढच्याला देत, त्यामुळे एका घरात दोन जॉन निघतात आणि क्रम बिघडतो. आजोबा शोधायचे कुठे याची दिशा ही पद्धत देते, यापलीकडे काही नाही. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात म्हणून कोर्ट वारसा देत नाही.

मांडवीकाठ · बुध, १०:३५

गोव्यातून हे वाचताना हसू आवरेना. पोर्तुगीज पासपोर्टसाठी आमच्याकडे हाच उद्योग: आजोबांचा १९ डिसेंबर १९६१ पूर्वीचा जन्म, चर्चमधली बाप्तिस्म्याची नोंद, नावाची तीन स्पेलिंगं, आणि मग ते सगळं लिस्बनला. आयर्लंडचा नियम किती पिढ्यांचा?

टिपणवही · बुध, ११:१५

आजी-आजोबांपैकी एक जण आयर्लंडच्या बेटावर जन्मलेला असेल तर फॉरेन बर्थ्स रजिस्टरमध्ये नाव घालून नागरिकत्व मिळतं. उत्तरेतला जन्मही चालतो. पणजोबांवरून हवं असेल तर तुमच्या जन्माआधीच तुमच्या आईने किंवा बापाने आपलं नाव त्यात घातलेलं असलं पाहिजे. इथे बहुतेकांचं घोडं अडतं. प्रत्येक पिढीचा जन्म आणि लग्न यांचा दाखला लागतो. ब्रिजेटची डिलिया झालेली असेल तर दोन्ही एकच बाई हे दाखवणं ही खरी डोकेदुखी.

दर्यावर्दी · बुध, ११:५०

आपल्याकडचा एक दुवा आहे तो सांगतो. मुंबई इलाख्यात आलेले आयरिश बहुतेक सैन्यातून आले. ईस्ट इंडिया कंपनीची बॉम्बे फ्युजिलिअर्स ही गोऱ्यांची पलटण पुढे राजाच्या सैन्यात १०३ वी झाली आणि १८८१ मध्ये तिचीच रॉयल डब्लिन फ्युजिलिअर्सची दुसरी बटालियन बनली. मुंबई इलाख्यातल्या ख्रिस्ती बाप्तिस्मा-लग्न-दफनाच्या नोंदी लंडनला ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या एन/३ मालिकेत आहेत. त्यात गाव नसतं. पण राजाच्या सैन्यातून पेन्शनवर गेलेल्याचा, ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या डब्ल्यूओ ९७ या मालिकेतला कागद काढलात तर 'अमुक काउंटीत, तमुक गावाजवळ, अमक्या पॅरिशात जन्म' असं पहिल्याच ओळीत मिळतं. अमेरिकेच्या कुठल्या जहाजाच्या यादीत एवढं नाही.

चहाटळ · बुध, १२:०५

म्हणजे गाव हवं तर भरती व्हा, म्हातारे व्हा, नाहीतर ऑस्ट्रेलियात मरा.

गावकामगार · बुध, १४:२०

कॅनडाचं राहिलं. ब्रिटिश वसाहत असल्याने तिकीट स्वस्त, म्हणून १८४७ मध्ये हजारो लोक क्विबेकला उतरले आणि पुढे अमेरिकेत चालत गेले. त्यांचं नाव न्यूयॉर्कच्या यादीत शोधून मिळणार नाही. क्विबेकच्या नीट याद्या १८६५ पासून. सीमा ओलांडणाऱ्यांची नोंद अमेरिकेने १८९५ पासून ठेवली. क्विबेकजवळच्या ग्रोस इल बेटावर १८४७ या एका वर्षात पाच हजारांहून जास्त लोक टायफसने गेले, अनाथ मुलं क्विबेकमधल्या घरांत वाढली. हा धागा धरायचा तर जमीनदारांचे कागद बघा. रॉसकॉमनमधल्या स्ट्रोक्सटाउनच्या मेजर डेनिस मेहनने १८४७ मध्ये १,४९० कुळं-माणसं कॅनडाला धाडली, कालव्याच्या काठाने डब्लिनपर्यंत पायी. घालवायला खर्च झाला म्हणून नोंद झाली. जो स्वतःच्या पैशाने गेला त्याची मागे कुठेच नोंद नाही.

शंकासुर · बुध, १६:००

एवढी यातायात करण्यापेक्षा थुंकी पाठवून डीएनए करून टाकावा.

बाराखडी · बुध, १६:४०

करा की, पण त्यातून गाव निघत नाही, भाऊबंद निघतात. खापरपणजोबा एक असलेल्या भावंडांत सरासरी ७३ सेंटिमॉर्गन (डीएनए मोजायचं माप) जुळतात, पण शून्यही असू शकतं. म्हणून घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचा नमुना घ्या, नातवाचा नको. आणि जुळलेल्या दहापैकी सात लोकांच्या झाडात 'आयर्लंड' एवढंच लिहिलेलं असणार. आलात परत टाउनलँडवर.

हरवलेला_पत्ता · बुध, २१:३०

सगळा धागा वाचला. आता एक सरळ प्रश्न. हातात एवढंच आहे: ब्रिजेट रायन, बोस्टन, मृत्यू १९१५, वय ६०, जन्म आयर्लंड. पहिल्या दिवशी काय करू?

जुना_दप्तरी · बुध, २२:४०

पहिला प्रश्न: रायन माहेरचं की सासरचं? अमेरिकेत बाई सासरच्या नावाने मरते, आयर्लंडात तिची प्रत्येक नोंद माहेरच्या नावाने. हे ठरल्याशिवाय एकही शोधखिडकी उघडू नका.

ठरवायचं कसं? मॅसॅच्युसेट्सच्या मृत्युनोंदीत बापाचं आणि आईचं नाव असतं. ते काढा. मग १९०० ची जनगणना: जन्माचा महिना-साल, आल्याचं साल, किती मुलं झाली, किती हयात. त्यावरून लग्नाचं साल अंदाजता येतं. मॅसॅच्युसेट्सची लग्ननोंद काढा, तिच्यात दोघांचे आईबाप येतात. समजा निघालं: ब्रिजेट डॉयर, जॉन डॉयर आणि मेरी हेस यांची मुलगी. आता हातात जोडपं आलं, एकटी ब्रिजेट नव्हे. गाव अजून नाहीच. त्यासाठी बोस्टनमधल्या चर्चची लग्ननोंद, कबरीचा दगड आणि भावाबहिणींच्या निधनवार्ता. 'द पायलट' या बोस्टनच्या कॅथलिक वर्तमानपत्रातल्या हरवलेल्यांच्या जाहिराती १८३१ ते १९२१ अशा आहेत, त्यांत गाव आणि पॅरिश बहुधा देत, कारण त्याशिवाय कोण ओळखणार! न्यूयॉर्क असतं तर एमिग्रंट सेव्हिंग्ज बँकेच्या वह्या सांगितल्या असत्या. खातेदाराची ओळख पटावी म्हणून बँक गाव, आईबाप, भावंडं, जहाज सगळं लिहून घेई.

गावाचा पत्ता नसेलच तर जोडप्यावरून उलटं जा. साठ वर्षं म्हणजे जन्म १८५५ च्या आसपास, सरकारी नोंदणीच्या आधीचा. तिचे १८६४ नंतर जन्मलेले धाकटे भाऊबहीण शोधा. सरकारी नोंदींच्या सूचीत आईचं माहेरचं नाव १९०० आधी येत नाही, म्हणून प्रतिमा एकेक उघडावी लागते. त्यापेक्षा काउंटीवार चर्चनोंदींच्या रूट्सआयर्लंड या सशुल्क सूचीत बाप डॉयर, आई हेस असं टाका. केरी, डब्लिन शहर आणि कॉर्कचा बराच भाग तिथे नाही, तो आयरिशजिनीऑलॉजीवर फुकट आहे. एकाच टाउनलँडमध्ये त्या जोडप्याची चार-पाच मुलं सापडली, त्यात ब्रिजेट १८५५ च्या आसपासची, की मग ग्रिफिथ आणि गावकामगारांचे फेरफार. जहाज त्यानंतर, तेही भावंडांची नावं बरोबर घेऊन.

हरवलेला_पत्ता · गुरु, ०८:२०

धन्यवाद. आणि आईबाप १९११ पर्यंत जिवंत असतील तर?

गावकामगार · गुरु, ०९:०५

तर चैन आहे. १९११ च्या तक्त्यात लग्नाला किती वर्षं, मुलं किती झाली, किती हयात हे येतं. सात झाली, सहा हयात, आणि घरात एकच दिसतो. उरलेले पाच कुठे ते तुम्ही शोधताच आहात. तो तक्ता बहुधा घरातल्या माणसाने स्वतः भरलेला असतो, खाली सही किंवा फुली.

मग त्याच टाउनलँडचा बी-वन तक्ता उघडा, तो लोक बघतच नाहीत. प्रत्येक घराची एक ओळ आहे. भिंत दगड-विटांची असेल तर १, मातीची ०. छप्पर स्लेटचं १, गवताचं ०. खोल्या दोन ते चार असतील तर २. समोरच्या खिडक्या मोजून तो आकडा. बेरीज सहा ते अकरा आली की दुसरा वर्ग, तीन ते पाच तिसरा. दगडी भिंत, गवती छप्पर, तीन खोल्या, पुढे तीन खिडक्या: एक, शून्य, दोन, तीन. सहा. दुसरा वर्ग. एक खिडकी कमी असती तर तिसरा.

चहाटळ · गुरु, ०९:१२

खिडकी लावून घेतली असेल, पोरीने बोस्टनहून पाठवलेल्या पैशातून.

गावकामगार · गुरु, ०९:३०

ते १९०१ चा तक्ता शेजारी ठेवून बघता येईल.